रक्तांतील कोलेस्टेरॉल आणि हृदयाची निगा

कोलेस्टेरॉल हा शब्द एके काळीं केवळ वैद्यकाच्या ग्रंथांत होता. आज तो अंधेरी-बोरिवलीच्या गाडींत कानांवर येतो आणि घाटकोपर-मुलुंडच्या वाण्याकडील तेलाच्या डब्यांवरही वाचावयास मिळतो. मात्र शब्द जितका पसरला तितका त्याचा अर्थ पसरला नाहीं. कोणी त्यास निव्वळ विष समजतो, कोणी तो लठ्ठ माणसांचाच रोग मानतो, आणि कोणी ‘आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हांस त्याचें काय?’ असें म्हणून मोकळा होतो. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. आमच्या विद्यार्थी वाचकांस हा विषय वडील माणसांचा वाटण्याचा संभव आहे. परंतु धमन्यांतील या विकाराचा आरंभ पुष्कळदां शाळा सुटण्याच्या सुमाराच्या वयांतच होतो. शिवाय घरांतील वडील माणसांस ‘एकदां रक्त तपासून घ्या’ असें आग्रहानें सांगणारें माणूस बहुधा शिकणारा मुलगा किंवा मुलगी हेंच असतें. म्हणून हा विषय शालेय अंकांत अस्थानीं होणार नाहीं.

प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊं. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा, पाण्यांत न विरघळणारा पदार्थ आहे. अठराव्या शतकांत तो पित्ताशयांतील खड्यांत आढळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याचें नामकरण केलें. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या आवरणांत तो असतो. पचनास लागणारें पित्त, हाडांस लागणारें ‘ड’ जीवनसत्त्व आणि कित्येक ग्रंथींचे स्राव हीं सर्व त्यापासूनच तयार होतात. तेव्हां तो शरीराचा शत्रु नव्हे. तो इतका आवश्यक आहे कीं, निसर्गानें त्याचा पुरवठा आपल्या जेवणावर सोंपविलेला नाहीं. त्याचा बहुतेक भाग आपलें यकृत स्वतःच तयार करितें, व अन्नांतून येणारा भाग त्या मानानें थोडा असतो. शाकाहारी माणसाच्या रक्तांतही तो वाढूं शकतो, तो याच कारणानें.

रक्त हें बव्हंशीं पाणी असल्यामुळें त्यांत हा मेणचट पदार्थ सुटा वाहूं शकत नाहीं. म्हणून प्रथिनांचें वेष्टन असलेल्या सूक्ष्म कणांत भरून त्याची ने-आण होते. हे कण मुख्यतः दोन जातींचे. पहिले कमी घनतेचे. तपासणीच्या कागदावर त्यांस एलडीएल म्हणतात. ते यकृताकडून निघालेला माल शरीरभर पोंचवितात. दुसरे अधिक घनतेचे, म्हणजे एचडीएल. ते जागोजागीं उरलेला माल गोळा करून यकृताकडे परत आणतात. लोकांनीं यांस ‘वाईट’ आणि ‘चांगलें’ अशीं नांवें ठेविलीं आहेत. हीं नांवें शास्त्रीय नव्हेत, तथापि लक्षांत ठेवण्यास सोयीचीं आहेत. याखेरीज रक्तांत ट्रायग्लिसराइड या नांवाची आणखी एक चरबी असते. ती साखर, मैदा, भात आणि मद्य यांच्या अतिरेकानें वाढते.

हृदयाचा स्नायु दिवसांतून सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतो. त्याला लागणारें रक्त हृदयाच्या पृष्ठभागावरून गेलेल्या ज्या धमन्यांतून मिळतें, त्यांची रुंदी अवघी तीन-चार मिलिमीटर असते. रक्तांत एलडीएल कणांची गर्दी वर्षानुवर्षें राहिली म्हणजे त्यांतील कांहीं कण धमनीच्या आंतील अस्तराखालीं शिरतात व तेथेंच अडकून पडतात. शरीराच्या रक्षक पेशी त्यांस गिळावयास येतात, गिळून फुगतात आणि तेथेंच मरतात. अशा रीतीनें अस्तराखालीं एक पिवळसर मऊ थर सांचतो. १९१३ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय अनिच्कोव्ह यानें सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत असेच थर उत्पन्न करून दाखविले होते. ससा हा गवत खाणारा प्राणी. त्याचा दाखला माणसास लावणें कितपत योग्य, असा आक्षेप तेव्हां घेण्यांत आला, आणि पुष्कळ वर्षें त्या प्रयोगाकडे दुर्लक्ष झालें.

त्या दुर्लक्षाला मोठा धक्का बसला तो १९५३ सालीं. कोरियाच्या युद्धांत मरण पावलेल्या तीनशें अमेरिकन सैनिकांचीं हृदयें डॉक्टरांनीं तपासलीं. सैनिकांचें सरासरी वय बावीस वर्षें; सर्व धट्टेकट्टे, निवडून घेतलेले तरुण. तरी शेंकडा ७७ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत या विकाराचीं चिन्हें उघड्या डोळ्यांना दिसलीं. त्यांपैकीं कोणालाही छातींत कधीं कळ आली नसेल. या रोगाची सर्वांत फसवी गोष्ट हीच. धमनी निम्म्याहून अधिक बुजेपर्यंत बहुधा कांहींच जाणवत नाहीं. आणि पुष्कळदां ती पुरी बुजण्याचीही वाट पाहिली जात नाहीं. त्या मऊ थरावरचें पातळ आवरण एके दिवशीं फाटतें, फाटल्या जागीं रक्ताची गुठळी बनते आणि कांहीं मिनिटांत प्रवाह थांबतो. ‘काल संध्याकाळपर्यंत अगदीं धडधाकट होते’ असें आपण मृताविषयीं म्हणतों तें खरेंच असतें; मात्र रोग कालचा नसतो, तो वीस-तीस वर्षांचा असतो.

येथें एक शंका येईल. सारखेंच खाणाऱ्या दोघां भावांपैकीं एकाच्याच रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक कां? याचें उत्तर अमेरिकेंतील टेक्सास प्रांतीं मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनीं शोधून काढलें, व त्याबद्दल १९८५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. यकृताच्या पेशींवर एलडीएल कण पकडून आंत ओढून घेणारे सूक्ष्म ग्राहक असतात. ज्याचे ग्राहक जन्मतःच दोषी अथवा कमी, त्याच्या रक्तांत हे कण तुंबून राहतात. आई किंवा वडील यांपैकीं एकाकडून हा दोष आलेलीं माणसें सुमारें अडीचशें-तीनशेंत एक असतात. म्हणजे मोठ्या शाळेंत अशीं चार-पांच मुलें सहज असावयाचीं, आणि त्यांस त्याची वार्ताही नसावयाची. त्यांस तिशी-चाळिशींतच हृदयविकार गांठूं शकतो. दोघांकडूनही दोष आला तर झटका बालपणांतही येतो. पण असें उदाहरण फार विरळा. घोट्यामागील जाड शिरेवर, कोपरावर अथवा बोटांच्या सांध्यांवर पिवळट गांठी दिसूं लागल्या, तर त्या केवळ चामडीचा रोग समजून मलमें चोळीत बसूं नये; रक्त तपासावें.

अशीं कुटुंबें सोडलीं तर इतरांचें काय? येथें आमच्या उपनगरांशीं जवळचा संबंध असलेली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. आपण ज्या पश्चिम रेल्वेनें चर्चगेटला जातों, त्या रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनीं हिंदुस्थानांतील रेल्वे नोकरांच्या मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास करून १९६७ सालीं तो ब्रिटनमधील हृदयरोगविषयक मासिकांत प्रसिद्ध केला. रेल्वेसारखें साधन दुसरें कोठें मिळणार? दहा लाखांहून अधिक माणसें, एकच धनी, सारख्या श्रेणी, सारखे पगार, सारखे दवाखाने. फक्त प्रांत व आहार निराळे. त्यांस असें दिसलें कीं, दक्षिणेंतील नोकरांत हृदयधमनीच्या रोगानें होणारे मृत्यु उत्तरेंतील नोकरांच्या जवळ जवळ सातपट होते, आणि तेही सरासरीनें आठ वर्षें अगोदरच्या वयांत. गंमत अशी कीं, उत्तरेंतले लोक स्निग्ध पदार्थ कित्येक पटींनीं अधिक खात होते, बहुतेक दूध-तुपाच्या रूपानें. आणि धूम्रपानही तेच अधिक करीत होते.

या अभ्यासाचा आधार घेऊन तुपाचे वकील मोठ्या आवेशानें बोलतात. आमच्या मतें दोन्ही बाजूंनीं घाई होते. मल्होत्रांनीं स्वतः चरबीच्या वजनापेक्षां तिच्या जातीवर भर दिला होता. शिवाय ही तुलना गटागटांची होती. एकेका माणसाची थाळी आणि त्याच माणसाचा मृत्यु यांची सांगड तींत घातलेली नव्हती. म्हणून ती तुपाला निर्दोष ठरवीत नाहीं. ती एवढेंच सांगते कीं, एका पदार्थाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करून खटला संपत नाहीं. जवळ जवळ त्याच काळीं अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम या लहान गांवीं, १९४८ सालापासून पांच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांवर नजर ठेवणारे डॉक्टर निराळ्या वाटेनें तेथेंच येऊन पोंचले होते. रक्तांतील कोलेस्टेरॉल, रक्तदाब, तंबाखू यांसारखीं कारणें एकत्र आलीं म्हणजे धोका नुसता बेरजेनें वाढत नाहीं, गुणाकारानें वाढतो. कोलेस्टेरॉल थोडें वाढलेलें, रक्तदाब थोडा चढलेला, साखर थोडी अधिक आणि खिशांत विड्यांचें बंडल, असा माणूस प्रत्येक बाबतींत ‘थोडाच’ आजारी असतो; पण त्याचा धोका एकट्या फार वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या माणसाहूनही अधिक असूं शकतो.

२००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या बावन्न देशांच्या एका मोठ्या पाहणींत आपल्याकडील लोकांविषयीं एक खेदजनक गोष्ट निश्चित झाली. दक्षिण आशियांतील माणसास हृदयाचा पहिला झटका येण्याचें मध्यम वय ५३ वर्षें, तर इतर देशांतील लोकांचें सुमारें ५९. त्रेपन्न म्हणजे मुलीचें लग्न व्हावयाचें असतें, मुलाचें शिक्षण चालू असतें आणि घराचे हप्ते फिटावयाचे असतात. आपल्याकडील विकाराचें रूपही कांहींसें निराळें आहे. युरोपीय माणसाप्रमाणें एकूण कोलेस्टेरॉल फार वाढलेलें नसतें. पण एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड अधिक, एलडीएलचे कण बारीक व घट्ट, हातपाय बारीक आणि पोट मात्र सुटलेलें, असें चित्र असतें. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्यानें झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले प्रौढ शेंकडा २४ निघाले. पण रक्तांतील चरबीच्या कोणत्या ना कोणत्या अंशांत बिघाड असलेले शेंकडा ८१ निघाले. म्हणून ‘माझें टोटल दोनशेंच्या आंत आहे’ एवढ्यावर समाधान मानूं नये.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. तेथें सर्वांत बोधप्रद इतिहास वनस्पति तुपाचा आहे. मुंबईंतच, शिवडी येथें, हिंदुस्थान वनस्पति कंपनीनें आपला कारखाना काढला, आणि १९३७ सालापासून ‘डालडा’ हें नांव घरोघरीं झालें. साधें तेल घ्यावयाचें, त्यांत धातूच्या साहाय्यानें हायड्रोजन वायु मिसळावयाचा, म्हणजे तें तुपासारखें रवाळ होतें, लवकर खवट होत नाहीं आणि किंमतही थोडी. तुपांत त्याची भेसळ होते म्हणून त्याविरुद्ध पुष्कळ ओरड झाली. परंतु त्यापासून हृदयास अपाय होतो हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. उलट, त्यांत कोलेस्टेरॉलचा कणही नाहीं, हें अक्षरशः खरें होतें. १९९० सालीं हॉलंडमधील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, तेल अर्धवट घट्ट करतांना ट्रान्स जातीची जी चरबी तयार होते, ती एलडीएल वाढविते आणि शिवाय एचडीएल घटविते. तूप किंवा लोणी यांनीं होणारा अपाय एका बाजूचा. हा दोन्ही बाजूंचा. भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें तेलें व वनस्पति यांतील या चरबीची मर्यादा टप्प्याटप्प्यानें खालीं आणून जानेवारी २०२२ पासून शेंकडा २ वर ठेविली आहे. तरीही तेंच तेल कढईंत वारंवार तापविल्यानें तें बिघडतें आणि अपायकारक द्रव्यें त्यांत थोडींफार तयार होतातच. स्टेशनाबाहेरच्या गाडीवरील काळपट तेल पाहिलें म्हणजे अधिक सांगण्याचें कारण पडत नाहीं.

या इतिहासावरून तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ या अक्षरांची किंमत कळते. कोणत्याही वनस्पतीच्या तेलांत कोलेस्टेरॉल नसल्यासारखेंच असतें. तें शेंगदाण्यांत नाहीं, नारळांत नाहीं आणि सरकींतही नाहीं. पाहावयाचें तें हें कीं, त्या तेलांतील चरबी कोणत्या जातीची. जी थंडींत थिजते ती बहुधा संपृक्त जातीची, आणि ती यकृताकडून एलडीएल वाढविते. खोबरेल तेलांत संपृक्त चरबी शेंकडा ९० च्या आसपास, तुपांत साठांहून अधिक, पाम तेलांत निम्म्याच्या जवळपास, आणि शेंगदाण्याच्या तेलांत विसांच्या आंत असते. फरसाण, बिस्किटें व खारी यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत पाम तेलाचें नांव आढळतें तें वाचण्याची संवय ठेवावी. हें वाचून कोणी घरांतील तुपाचा डबा फेंकून देऊं नये, किंवा कोळंबीच्या आमटींतील खोबऱ्यासाठीं आईशीं वाद घालूं नये. वरण-भातावरील चमचाभर तुपानें कोणाची धमनी बुजत नाहीं. प्रश्न आहे तो एकूण मापाचा.

तें माप काढणें अंकगणिताच्या साध्या उदाहरणासारखें आहे. चार माणसांच्या घरीं महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशीं एक लिटर झालें. एक लिटर तेलाचें वजन सुमारें ९१० ग्रॅम. तीस दिवसांनीं भागलें तर रोजचे ३० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमचे नऊ कॅलरी, म्हणजे रोज २७० कॅलरी केवळ तेलाच्या. यांत बाहेरचा वडापाव, दुपारचें फरसाण, चहाबरोबरची खारी आणि सणांच्या करंज्या धरलेल्या नाहींत. डॉक्टर सामान्यतः माणशीं महिना अर्ध्या लिटराच्या आसपास राहावें असें सांगतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या घरचा हा हिशेब एकदां खरोखर करून पाहावा. मागच्या महिन्याची वाण्याची यादी पुरे होते.

काय कमी करावें एवढेंच सांगून चालत नाहीं. त्याच्या जागीं काय यावें हें अधिक महत्त्वाचें. तूप सोडून मैद्याचीं बिस्किटें खाल्लीं तर आगींतून फुफाट्यांत. सुदैवानें महाराष्ट्राच्या जुन्या थाळींत यावरील उत्तम पदार्थ आहेत. मटकीची, वालाची, हरभऱ्याची उसळ; ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी; मेथीची भाजी; पेरू; जवसाची आणि कारळ्याची चटणी. डाळी, कडधान्यें व जवस यांत विरघळणारा तंतु असतो. तो आंतड्यांत पित्ताला धरून ठेवितो व शरीराबाहेर नेतो. मग नवें पित्त बनविण्यासाठीं यकृताला रक्तांतील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावें लागतें. मुठभर शेंगदाणे अथवा बदाम यांचाही उपयोग होतो, पण ते खारवून तळलेले नकोत. मासे खाणाऱ्यांस बांगडा आणि तारली यांसारखे तेलकट मासे हितकर आहेत. खेद इतकाच कीं, आपण ते पुष्कळदां तेलांत बुडवून तळतों. अंड्याविषयीं विचाराल तर एका बलकांत सुमारें २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतें. परंतु अन्नांतून तें अधिक आलें कीं यकृत आपलें उत्पादन बहुधा थोडें आवरतें, म्हणून निरोगी माणसानें दिवसास एका अंड्याची धास्ती घेऊं नये. मधुमेहाच्या रोग्यानें मात्र डॉक्टरांस विचारावें.

मिठाई व साखर यांविषयीं एक शब्द घाटकोपर-मुलुंडकडील शाकाहारी कुटुंबांसाठीं. मांसाहार नाहीं म्हणून हृदय सुरक्षित, ही समजूत पुष्कळांस नडली आहे. ट्रायग्लिसराइड वाढण्यास मांस लागत नाहीं. गोड चहाचे सहा कप, पांढरा भात, मैदा आणि बसून काम एवढें पुरे होतें.

उपनगरांतील नोकरदाराचा दिवस पाहिला तर व्यायामास जागा कोठें, असा प्रश्न कोणीही करील. सकाळीं सातला घर सोडावयाचें, गर्दींत उभें राहून जावयाचें, दिवसभर खुर्चीवर बसावयाचें आणि रात्रीं नऊला परत. गाडींत उभें राहणें हा व्यायाम नव्हे, ती नुसती दमणूक. तथापि आठवड्यास दीडशें मिनिटें भरभर चालणें, म्हणजे पांच दिवस अर्धा-अर्धा तास, हें माप फार मोठें नाहीं. बोरिवलीस राष्ट्रीय उद्यान आहे व तेथें पहांटे चालणाऱ्यांची रांग लागलेली असते. ज्यांस तें लांब, त्यांनीं एक स्टेशन अगोदर उतरून चालत घरीं यावें, आणि स्टेशनाच्या पुलावर सरकता जिना असला तरी पायऱ्या चढाव्या. नियमित चालण्यानें एलडीएल फारसें उतरत नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण ट्रायग्लिसराइड उतरतात, एचडीएल थोडें चढतें, आणि पोटाचा घेर, रक्तदाब व साखर या तिन्ही गोष्टी सुधारतात. तंबाखूविषयीं मात्र मापाचा प्रश्नच नाहीं. विडी, सिगारेट यांनीं धमनीचें अस्तर खरवडलें जातें व गुठळी लवकर बनते. आपल्याकडील कित्येक स्त्रिया दांतांस मिश्री लावितात, तीही तंबाखूच आहे.

इतकें करूनही कित्येकांचें एलडीएल खालीं येत नाहीं, कारण यकृताचा स्वभाव जेवणानें पुरता बदलत नाहीं. अशांसाठीं स्टॅटिन नांवाच्या गोळ्या आहेत. त्यांच्या शोधाची कथा मोठी मनोरंजक आहे. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञानें, पेनिसिलिन जसें बुरशींतून मिळालें तसें कोलेस्टेरॉल रोखणारें द्रव्यही बुरशींतच असेल, अशा अटकळीनें सुमारें सहा हजार बुरश्या तपासल्या. आणि १९७३ सालीं क्योटो शहरांतील धान्याच्या दुकानांतल्या तांदळावरील निळसर-हिरव्या बुरशींत त्यास तें सांपडलें. यकृतांतील ज्या पायरीवर कोलेस्टेरॉल बनण्याचा वेग ठरतो तीच पायरी हें द्रव्य अडवितें. मग यकृत आपल्या पेशींवरील ग्राहक वाढवून रक्तांतील एलडीएल ओढून घेतें. त्याचा खरा कस १९९४ सालीं लागला. स्कँडिनेव्हियांतील ४४४४ हृदयरोग्यांपैकीं अर्ध्यांना स्टॅटिन व अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी पांच वर्षांहून अधिक काळ दिली होती. निरुपयोगी गोळीच्या गटांत २५६ माणसें मेलीं, औषधाच्या गटांत १८२. या दोन आंकड्यांची वजाबाकी करावी. तीं सर्व जिवंत राहिलेलीं माणसें आहेत.

या औषधाबद्दल आपल्याकडे एक घातक चाल आहे. तीन महिने गोळी घेतली, तपासणींत आंकडा चांगला आला, आणि ‘आतां बरें झालें’ म्हणून गोळी बंद. आंकडा चांगला आला तो गोळीमुळें. ती थांबवितांच यकृत पुनः पूर्ववत् कामाला लागतें आणि कांहीं आठवड्यांत सर्व जागच्या जागीं येतें. कांहींना स्नायूंत दुखतें, क्वचित् यकृताच्या तपासणींत फरक पडतो. तें डॉक्टरांस सांगावें, ते मात्रा किंवा गोळी बदलतात. शेजाऱ्याच्या सल्ल्यानें गोळी सुरूही करूं नये आणि बंदही करूं नये. गर्भवती स्त्रियांनीं तर डॉक्टरांवांचून ती मुळींच घेऊं नये.

झटका आल्यास काय करावें हेंही प्रत्येक मुलास ठाऊक असावें. छातीच्या मध्यभागीं जड धोंडा ठेवल्यासारखा दाब, तो डाव्या हातांत, जबड्यांत किंवा पाठींत पसरणें, थंड घाम, धाप, मळमळ, हीं लक्षणें होत. स्त्रियांत व मधुमेहाच्या रोग्यांत दुखणें नसूनही नुसती धाप किंवा विलक्षण थकवा येऊं शकतो. आपल्याकडे अशा वेळीं ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा-सोडा देण्यांत बहुमोल तास जातात. बुजलेली धमनी औषधानें किंवा फुग्यानें उघडतां येते. पण जितका उशीर तितका स्नायु मरतो, आणि मेलेला स्नायु परत येत नाहीं. रोग्यास जिना उतरावयास लावूं नये, स्वतः गाडी चालवूं देऊं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

राहिली तपासणी. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेनें २०२४ सालीं प्रथमच आपल्या देशासाठीं या विषयाचे नियम ठरविले. त्यांप्रमाणें पहिली तपासणी वयाच्या अठराव्या वर्षीं करावी. घराण्यांत लवकर हृदयविकार झाला असेल तर त्याहीपूर्वीं. पुष्कळदां उपाशीं राहण्याचीही जरूर पडत नाहीं. सामान्य माणसाचें एलडीएल १०० मिलिग्रॅमच्या आंत असावें. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याचें ७० च्या आंत. आणि ज्यास झटका येऊन गेला आहे त्याचें ५५ च्या आंत. म्हणजे कागदावर ९० हा आंकडा आला तर तो मुलाच्या दृष्टीनें ठीक आणि मधुमेही वडिलांच्या दृष्टीनें अधिक. प्रयोगशाळेनें शेजारीं छापलेली मर्यादा सर्वांस एकच असते, म्हणून कागद डॉक्टरांस दाखवावा. लायपोप्रोटीन-ए नांवाचा आणखी एक कण आहे. तो बहुतेक आनुवंशिक असतो, आपल्या लोकांत पुष्कळदां वाढलेला आढळतो, आणि त्याची तपासणी आयुष्यांत एकदां केली तरी पुरते. घाटकोपरचें राजावाडी किंवा जुहूचें कूपर यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांतही रक्त तपासलें जातें. खासगी प्रयोगशाळेचा खर्च नको म्हणून थांबण्याचें कारण नाहीं.

तपासणीस जाण्यापूर्वीं घरीं बसून एक लहानसा तक्ता करावा. आजोबा, आजी, वडील, आई, काका, मामा, आत्या, मावशी यांचीं नांवें लिहून प्रत्येकापुढें हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह यांपैकीं काय झालें व कितव्या वर्षीं झालें तें मांडावें. ‘अचानक गेले’ एवढेंच सांगितलें गेलें तर वय विचारावें. पुरुषास पंचावन्न वर्षांच्या आंत अथवा स्त्रीस पासष्टांच्या आंत हृदयविकार झाला असेल, तर त्या नांवाखालीं रेघ ओढावी. आणि तें नांव आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकीं कोणाचें असेल, तर अठरा वर्षें पूर्ण होण्याची वाट न पाहतां तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावें.